प्रत माहितीसाठी

पत्र संपलं की डाव्या कोपऱ्यात 'प्रतिलिपि' असं लिहायचं, त्याखाली एक, दोन, तीन असे आकडे टाकायचे आणि ज्याचा त्या विषयाशी दुरूनही संबंध असेल त्या प्रत्येकाला तिथे बसवायचं, ही सवय मला सरकारी संशोधन संस्थेतल्या नोकरीने लावली. मग ती इतकी अंगात मुरली की एकदा घरी फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीखालीसुद्धा मी 'प्रत: बाबा' असं लिहिलं होतं. मुलगी अजून त्यावरून मला चिडवते. मीही हसते. पण या सवयीने एका माणसाच्या ताटात माती कालवली, आणि ते आठवलं की हसू जिथल्या तिथे विरतं.

मी मूळची अमरावतीची. नोकरी लागली म्हणून लखनौला आले, दोन-तीन वर्षांत परत जाऊ असं म्हणत म्हणत इथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर केलं, इथेच मुलगी झाली, इथेच नवरा गेला, इथेच मी निवृत्त झाले. आमच्या प्रयोगशाळेत औषधी वनस्पतींवर काम चाले. पाला, मुळं, साली वाळवायच्या, दळायच्या, चाळायच्या, बाटल्यांत भरून चिठ्ठ्या लावायच्या, आणि मग आमच्यासारख्यांचं शास्त्र सुरू व्हायचं. त्याआधीचं सगळं काम एकच माणूस करायचा. जुन्या लखनौतल्या चौक भागात, एका गल्लीत त्यांचं घर. मी त्यांना भैया म्हणत असे, ते मला मैडम. एकोणीस वर्षं ते माझ्याकडे होते, पण संस्थेचे कधीच झाले नाहीत. ठेकेदार एजन्सीमार्फत येत. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तोच माणूस. त्यांचं अक्षर असं देखणं की बाहेरून कुणी आलं की मी आधी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या दाखवायची आणि मग माझे निष्कर्ष.

दळायच्या यंत्राला आम्ही चक्कीच म्हणायचो. तिच्या झाकणाला एक खटका होता. झाकण उघडलं की चक्की आपोआप बंद पडायला हवी. तो खटका बिघडला होता. मी दुरुस्तीसाठी तीन पत्रं लिहिली, प्रत्येक पत्राच्या चार-चार प्रती काढल्या. कुणी आलं नाही. आणि कुणी येईपर्यंत चक्की बंद ठेवावी हे मला सुचलं नाही, कारण नमुने अडले होते. पत्र लिहिलं की काम झालं असं वाटण्याचा रोग मला होता, हे आज कळतं.

एका दुपारी साल अडकली म्हणून भैयांनी झाकण उघडून हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी बाजूच्याच खोलीत होते. ओरडल्याचं ऐकू आलं नाही, कारण ते ओरडलेच नाहीत. दारात येऊन उभे राहिले, हाताला गळ्यातला गमछा गुंडाळलेला, आणि तसदीबद्दल माफी मागावी तसे म्हणाले, "मैडम, ज़रा ज़हमत होगी, हमें अस्पताल जाना है।" लखनौच्या अदबीची मी आयुष्यभर थट्टा केली. त्या दिवशी मात्र मी पर्स उचलली आणि त्यांच्या पुढे धावत जिना उतरले.

एजन्सीने पहिल्याच आठवड्यात हात झटकले. अपघात कामावर झालाच नाही, रस्त्यात झाला, असं त्यांचं म्हणणं. कामावर झाला तरच कामगार विम्यातून उपचार, सुटीतला भत्ता आणि पुढे कायमची पेन्शन. रस्त्यातला असला तर काही नाही. माझं डोकं फिरलं. मी खटक्याबद्दलची ती तिन्ही पत्रं काढली, प्रतींवरचे शिक्के दाखवले. त्यातली एक प्रत खुद्द एजन्सीलाच गेली होती आणि त्यांनीच ती शिक्का मारून घेतली होती. एजन्सीच्या सुपरवायझरचा चेहरा पडला. अहवाल गेला, विमा मिळाला. घरी येऊन मी मुलीला ऐटीत सांगितलं, "बघ, माझ्या प्रती."

ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "हाँ माँ, आप तो आप हैं।"

भैया काही महिन्यांनी कामावर परतले. चक्कीला आता नवा खटका बसवला होता, बोटं गेल्यावर सगळं चटकन होतं. एजन्सीने कुरकुर केली, पण माझ्यामुळे घेतलं. ते डाव्या हाताने लिहायला शिकले. पहिल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी होती. त्या मी बघू नयेत म्हणून बाटल्यांची तोंडं ते भिंतीकडे करून ठेवायचे. तीन-चार महिन्यांत अक्षर सुधारलं. दळणं, चाळणं, भरणं, सगळं ते डाव्या हाताने करू लागले. वेळ जास्त लागायचा एवढंच.

मग विम्याच्या वैद्यकीय बोर्डाची तारीख आली. कमाईची ताकद किती टक्के गेली ते बोर्ड ठरवणार आणि त्यावर पेन्शन. मी सोबत गेले. त्यांच्या हाताची बोटं तर गेली होतीच, पण मनगटही आखडलं होतं, चहाचा कप त्या हातात धरवत नव्हता. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "कैसे हैं आप?"

भैयांनी त्याच हाताने सलाम केला. "दुआ है आपकी। बिल्कुल ठीक हूँ।"

"और कोई तकलीफ़?"

"जी, कुछ ख़ास नहीं।"

मी मध्ये तोंड घालणार तेवढ्यात पुढच्या माणसाला हाक गेली. बोर्डाने जे डोळ्यांना दिसलं ते मोजलं. तीन बोटं, तीस टक्के. मनगट कागदावर आलंच नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यावर अक्षरशः खेकसले. तिथे मनगट दाखवायचं सोडून ही कसली लखनवी अदब! ते खाली बघत ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "मैडम, डॉक्टर साहब ने हाल पूछा था। कोई हाल पूछे तो उसके सामने दुखड़ा लेकर बैठ जाएँ?"

मी रिक्षा थांबवली.

त्यांना मात्र त्या निकालात काही कमी वाटलं नव्हतं. विम्याची पेन्शन लहान होती पण जन्मभराची होती, आणि ती घेताना नोकरी सोडावी लागत नव्हती. दोन्ही एकत्र मिळत होतं. त्यांची मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. बायको लखनवी चिकनकारीचं भरतकाम करायची, पण डोळे अधू होत चालले होते. नुसत्या पेन्शनवर ते घर चालण्यासारखं नव्हतं आणि नुसत्या पगारावर मुलीचं कॉलेज होण्यासारखं नव्हतं. दोन्ही मिळून जमत होतं, जेमतेम. "दोनों पाँव पर खड़े हैं मैडम," असं ते एकदा म्हणाले होते. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण माझी निवृत्ती दीड महिन्यावर आली होती आणि मला टेबल रिकामं करून जायचं होतं. सगळे नमुने नोंदलेले, सगळ्या फायली बंद, आणि भैयांचंही सगळं मार्गी लावलेलं. राज्य सरकारची दिव्यांग पेन्शन वेगळी असते हे मला कुणीतरी सांगितलं. त्यासाठी सरकारी दवाखान्यातल्या बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते चाळीस टक्क्यांच्या वर लागतं. हे बोर्ड वेगळं, त्यांची मोजणीही वेगळी. मनगट धरलं तर चाळीस ओलांडतील असा माझा हिशोब होता. विम्याची पेन्शन, पगार आणि ही तिसरी. भैया म्हणाले, "रहने दीजिए, जो है बहुत है।" मी म्हटलं, हक्काचं का सोडायचं? आम्हा वऱ्हाडी माणसांना हक्क म्हटलं की चेव येतो.

तिथेही ते 'दुआ है आपकी' म्हणून मोकळे होणार याची मला खात्री होती. म्हणून या खेपेला मी पत्र लिहायचं ठरवलं. त्यांच्या तोंडाचं काम कागद करील. माझ्या कार्यालयीन हिंदीत मी बोर्डाला लिहिलं की हे कर्मचारी दाहिने हाथ से कोई भी कार्य करने में असमर्थ हैं, मनगट निकामी आहे, आणि बिना सहायता प्रयोगशाला का कार्य नहीं कर सकते. पहिला भाग खरा होता. शेवटचं वाक्य खोटं होतं. ते रोज माझ्या डोळ्यांसमोर कुणाच्याही मदतीशिवाय काम करत होते. आयुष्यभर दशांश चिन्हापुढचा एक आकडा न फिरवलेली मी, ते वाक्य लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. चांगल्या कामासाठी आहे, असं मनाशी म्हटलं आणि सही ठोकली.

आणि मग सहीच्या खाली डाव्या कोपऱ्यात, हाताला सवय होती म्हणून, प्रतिलिपि. एक, विमा कार्यालय. दोन, एजन्सी. तीन, वैयक्तिक फाइल.

एजन्सीला का? मी हे स्वतःला शंभरदा विचारलं आहे. एकदा ते खोटं बोलले होते, म्हणून त्यांना पुन्हा कागदावर बांधून ठेवावं, असं काहीतरी डोक्यात असेल. खरं सांगायचं तर डोक्यात काहीच नव्हतं. पत्र आहे म्हणजे प्रत आहे.

पाकिटं बंद करून मी भैयांच्याच हाती दिली. डाक तेच पोचवत. संध्याकाळी त्यांनी पोच आणून दिली, तिच्यावर शिक्के होते. "पहुँचा दिया मैडम," म्हणाले. मी ती फाइलला लावली.

दवाखान्यातल्या बोर्डाने पत्र वाचलं, मनगट वाकवून पाहिलं आणि प्रमाणपत्र दिलं. चाळीसच्या वर. मी प्रयोगशाळेत पेढे वाटले. भैयांनीही एक घेतला. पुढच्याच आठवड्यात मी निवृत्त झाले. शाल मिळाली, भाषणं झाली, मी थोडी रडले. सगळे पांगल्यावर भैयांनी बायकोने भरलेली एक ओढणी दिली. पांढऱ्यावर पांढरं काम, इतकं बारीक की दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नव्हतं. मी म्हटलं, आता तुम्ही तिन्ही बाजूंनी सुरक्षित आहात, मला काळजी नाही. ते म्हणाले, "आपकी मेहरबानी है।"

त्यानंतर ते दोन-तीनदा घरी आले. ईदला शेवया घेऊन, एकदा सहजच. मी दर वेळी विचारायची, लॅब कशी आहे? "सब ख़ैरियत है।" दिव्यांग पेन्शन सुरू झाली का? "हो जाएगी मैडम, काग़ज़ चल रहे हैं।" एकदा ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "माँ, आज तो वर्किंग डे है न? अंकल ग्यारह बजे यहाँ कैसे?"

मी म्हटलं, रजा असेल. नसत्या शंका काढू नकोस.

थंडीच्या सुरुवातीला माझ्या वैद्यकीय कार्डाचं नूतनीकरण करायला मी संस्थेत गेले. काम दहा मिनिटांत झालं. एवढी आलेच आहे तर वर डोकावून येऊ, म्हणून जिना चढले. चक्कीपाशी कुणी तरुण माणूस होता, त्याने मला ओळखलं नाही, मीही त्याला नाही. बाटल्यांवर छापील चिठ्ठ्या होत्या. भैया कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाला, कोण भैया? मी सहा महिन्यांपासून आहे.

एजन्सीची खोली तळमजल्यावर आहे. सुपरवायझर उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सरळ विचारलं, माणसाला का काढलं? त्याने वाद घातला नाही. कपाटातून फाइल काढली, एक कागद वर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "मैडम, रिन्यूअल के वक़्त हमने तो आप ही की बात मानी। आपने ख़ुद लिखकर दिया कि काम नहीं कर सकते। फिर हम किस मुँह से रखते?"

माझी सही. माझं हिंदी. डाव्या कोपऱ्यात दोन नंबरला एजन्सी. त्यांना निमित्त हवंच होतं, हे मला कळत होतं. पण ते निमित्त टंकलिखित करून, सही करून, पाकिटात घालून त्यांना घरपोच मी दिलं होतं. मला त्याच्यावर रागावताही येईना. चहा तसाच टाकून मी उठले.

तिथून तशीच चौकात गेले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि विचारत विचारत घर शोधलं. एकोणीस वर्षांत मी त्या घरी पहिल्यांदाच जात होते. बाहेरच्या खोलीत भैया जमिनीवर बसून कापडावर छापे मारत होते. भरतकामाच्या आधी नक्षी लाकडी ठशाने कापडावर उमटवतात, कच्च्या निळ्या रंगात. त्या निळ्यावर बायका टाके घालतात आणि मग धुतलं की निळं निघून जातं. ते डाव्या हाताने ठसा उचलत होते, रंगात बुडवत होते, कापडावर टेकवत होते. उजव्या हाताच्या उरलेल्या भागाने कापड दाबून धरलं होतं. एखादी वेल जराशी कलली होती. आतल्या दाराशी त्यांची मुलगी सुई-दोरा घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली आणि आत गेली. मंगळवार होता, दुपारचे दोन. नर्सिंग कॉलेजात असायची वेळ.

मी म्हटलं, "आपने बताया क्यों नहीं?"

"बैठिए तो," ते म्हणाले. वेताचा बसका मोढा पुढे केला. चहा आला. मग त्यांनी सांगितलं, तेही मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर. पाकीट त्यांनी दिलं तेव्हाच सुपरवायझरने त्यांच्यासमोर फोडलं होतं आणि मोठ्याने वाचून दाखवलं होतं. शिक्का मारून पोच देताना तो म्हणाला होता, ये तो आपकी छुट्टी हो गई. म्हणजे 'पहुँचा दिया मैडम' असं मला सांगितलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी पेढे वाटले तेव्हा ठाऊक होतं. ओढणी दिली तेव्हाही.

"उसी दिन कह देते. मी तेव्हाच दुसरं पत्र दिलं असतं," मी म्हटलं. मराठी कधी सुरू झालं मला कळलंच नाही. ते एकोणीस वर्षं माझं मराठी ऐकत होते, त्यांना समजलं.

"आपकी विदाई के दिन थे। ऐसे में आपका दिल क्या दुखाते।"

आणि दिव्यांग पेन्शन? तिथल्या खिडकीवर अर्जातले रकाने वाचून त्यांना विचारलं होतं की आधीच कुठली पेन्शन मिळते का. त्यांनी खरं सांगितलं. एक मिळत असताना दुसरी नाही, असं सांगून अर्ज परत दिला. तो प्रमाणपत्राचा कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, वरच्या फळीवर. ज्या तीन गोष्टी मी त्यांच्यासाठी जमवणार होते, त्यातली एकच उरली होती, जी माझ्या पत्राच्या आधीपासून होती. त्या एकीवर मुलीचं दुसरं वर्ष झालं नाही.

रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडून त्यांनाच माझं सांत्वन करायला लावायचं, एवढी बेशरम मी झाले नव्हते. मी पर्स उघडली, पेन काढलं, डायरीचं पान फाडलं. म्हटलं, मी आत्ता लिहून देते. माझं पहिलं पत्र अतिशयोक्त होतं, हे कर्मचारी सगळं काम उत्तम करतात, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एजन्सीला, संचालकांना, सगळ्यांना देते. उद्याच्या उद्या.

भैयांनी ठसा खाली ठेवला. फडक्याला हात पुसला.

"मैडम, उसमें लिखेंगी कि हाथ से सब काम हो जाता है?"

"हो. खरंच होतं ना."

"और वो काग़ज़ भी घूमते-घूमते बीमे के दफ़्तर पहुँच जाए तो? वहाँ कहेंगे, फिर पेंशन काहे की।"

पहिल्या पत्राचीही प्रत त्या कार्यालयात होतीच. एका फायलीत माझ्याच सहीची दोन पत्रं, एक म्हणतं होत नाही, दुसरं म्हणतं होतं. कोणतं खरं धरायचं ते कुणी माझ्या सोयीने ठरवणार नव्हतं. शेवटची उरलेली पेन्शन, तीही मी पणाला लावायला निघाले होते, आणि तेही मदत म्हणून. पेनाचं टोपण माझ्या दुसऱ्या हातात होतं.

"अब आप कुछ मत लिखिए," ते म्हणाले. अगदी हळू, विनंती करावी तसं. इतक्या अदबीने म्हणाले की यापेक्षा कठोर आजवर मला कुणीच काही बोललं नाही, हे समजायलाही मला थोडा वेळ लागला.

मी चहा पूर्ण प्यायले, कारण तो त्यांच्या घरचा होता. ते गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. महानगर म्हटल्यावर रिक्षावाल्याने जास्त पैसे सांगितले, तर माझ्यासाठी त्यांनी त्याच्याशी हुज्जत घालून कमी करून घेतले. मी बसले. सवयीने विचारलं, तब्येतीला जपता ना? हात कसा आहे?

"दुआ है आपकी," ते म्हणाले. "बिल्कुल ठीक हूँ।" आणि त्याच हाताने त्यांनी सलाम केला.